संगीताच्या खोलींतील मांडणी

जुन्या वाड्यांत संगीतासाठीं वेगळी खोली क्वचितच असे. परंतु संगीताच्या वस्तूंच्या जागा मात्र ठरलेल्या असत. गवसणी घातलेला तंबोरा कोपऱ्यांत उभा असे, तबला-डग्गा चुंबळींवर बसून कोनाड्यांत विसावत, बाजाची पेटी फडताळाच्या तळच्या कप्प्यांत जाई आणि टाळ खुंटीला टांगलेले असत. भिंतीच हात-दीड हात जाडीच्या. त्यांत कोनाडा काढतांना गवंड्यानें सुताराचें अर्धें काम करून ठेवलेलें असे. आजच्या सदनिकेंतील भिंत कांहीं इंचांची. तिच्यांत कोनाडा नाहीं, फडताळ नाहीं, आणि खुंटी ठोकावयाची म्हटली तरी पलीकडच्या शेजाऱ्याचा विचार करावा लागतो. उलट वस्तू मात्र वाढल्या आहेत. तंबोरा, तबला व पेटी आहेतच. त्यांत ग्रामोफोनच्या तबकड्या, त्या वाजविण्याचें यंत्र, दोन स्पीकर, मायक्रोफोन, संगणक आणि तारांचें जंजाळ यांची भर पडली आहे. इतक्या सर्वांना एका दहा बाय बारा फुटांच्या खोलींत नांदवावयाचें, आणि त्याच खोलींत गाणेंहि व्हावयाचें, तर सगळा भार शेवटीं येऊन पडतो तो मांडणीवर.

पुण्यांतील एका कुटुंबाची हकीकत ह्या बाबतींत ऐकण्यासारखी आहे. घरांतील आजोबांनीं आयुष्यभर तबकड्या जमविल्या. साडेतीनशें लाखेच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या. आणि अडीचशें त्या मागाहून आलेल्या लाँगप्ले. आजोबा गेले, तबकड्या राहिल्या. नात शास्त्रीय गायन शिकली, आणि आपला रियाज व शिकवण्या ती घरींच ध्वनिमुद्रित करूं लागली. तेव्हां मागची एक खोली संगीतासाठीं द्यावयाची असें ठरलें. तिच्या वडिलांनीं दुकानांतून एक तयार मांडणी आणविली. ती दिसावयाला देखणी होती. फळ्या चार चार फूट लांब, मध्यें आधार नाहीं, वरून सागाच्या रंगाचा पातळ थर, आणि आंत लांकडाचा भुसा दाबून केलेला तक्ता. फळ्या टेकलेल्या होत्या त्या दोन्ही टोकांच्या चिमुकल्या खुंट्यांवर.

पहिल्याच पावसाळ्यांत वरच्या फळीला पोट आलें. कोणी तें मनावर घेतलें नाहीं. भाद्रपदांतल्या एका संध्याकाळीं वांकलेल्या फळीचें एक टोक खुंटीवरून निसटलें, आणि लाखेच्या तबकड्यांची रांगच्या रांग घसरत खालीं आली. तेवीस तबकड्या फुटल्या. त्यांतील एक आजोबांनीं लग्नाच्या पहिल्या वर्षीं घेतलेली होती, आणि दिवाळीच्या पहांटे ती लावण्याचा घरांत परिपाठ होता. लाखेची तबकडी फुटली म्हणजे ती सांधून वाजती करणें हें घरगुती उपायांच्या पलीकडचें असतें. आजींनीं तिचे तुकडे वेंचून पाकिटांत घातले. बोलल्या मात्र कांहीं नाहींत. वडिलांना त्यांचें तें न बोलणेंच अधिक लागलें.

पुढच्या महिन्यांत एका वृद्ध सुताराला बोलावणें गेलें. वडिलांनीं नव्या मांडणीचें एक चित्र काढून ठेवलें होतें. तींतहि फळ्या लांबच लांब होत्या, कारण लांब फळी डोळ्यांना बरी दिसते. सुतारानें चित्र उलटें-सुलटें करून पाहिलें व विचारलें, “साहेब, ह्या फळीवर ठेवणार काय?”

“तबकड्या.”

“त्या समजल्या. वजन किती?”

वजन कोणालाच ठाऊक नव्हतें. तेव्हां सुतारानें आपल्या पट्टीनें फूटभर लांबीच्या लाँगप्ले मोजून बाजूला काढल्या आणि नातीला म्हटलें, “ताई, घरांत माणसाचें वजन करावयाचा कांटा असेल तर आणा.” कांट्यानें सतरा किलो दाखविले. लाखेच्या दहा इंची तबकड्या तशाच फूटभर मोजल्या, तों आकडा वीसच्याहि पुढें गेला.

ह्यांत नवल मानण्यासारखें कांहीं नाहीं. फूटभर जागेंत वेष्टनासह सुमारें सत्तर लाँगप्ले मावतात, आणि एकेकीचें वजन अडीचशें ग्रॅमच्या आसपास असतें. जुन्या तबकड्यांना लाखेच्या म्हणतात खरें, परंतु त्यांत लाखेपेक्षां दगडाची पूडच अधिक असे. लाख ही ती पूड धरून ठेवण्यापुरती. १९०२ सालीं कलकत्त्यास ज्या पहिल्या कांहीं गायिकांचीं गाणीं मुद्रित झालीं त्यांत गोहरजान होत्या. तेव्हांपासून १९६० नंतरपर्यंत आपल्याकडे ह्याच जातीच्या तबकड्या निघत राहिल्या. लाँगप्ले १९४८ सालीं अमेरिकेंत निघाली, ती विनाइल नांवाच्या लवचिक पदार्थाची. ती पडली तर बहुधा वांचते. लाखेची वांचत नाहीं. म्हणजे जी वस्तु अधिक जड तीच अधिक ठिसूळ, आणि घरांत तीच वरच्या फळीवर ठेवलेली होती. चार फुटांच्या फळीवर ऐंशी किलो भार पडत होता. एवढा भार पेलावयाचा तर एखादा धष्टपुष्ट मनुष्य त्या फळीवर वर्षभर बसवून ठेवल्यासारखेंच झालें.

आतां फळी वांकते ती कशानें, हें नीट समजून घेतलें पाहिजे. कारण घरोघरीं चूक होते ती येथेंच. पुष्कळांची समजूत अशी कीं, फळी दुप्पट लांब केली तर ती दुप्पट वांकेल. तसें नाहीं. भार सर्व लांबीवर सारखा पसरलेला असेल, तर फळीचा झोल लांबीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणांत वाढतो. लांबी दुप्पट, तर झोल सोळापट! दोन फुटांची फळी तीन फुटांची केली तरी झोल पांचपट होतो. उलट जाडीचा परिणाम तिसऱ्या घाताचा आहे. जाडी दुप्पट केली तर झोल आठवा हिस्सा उरतो. सुताराच्या भाषेंत इंचाचे आठ सूत. सहा सुती फळीऐवजीं आठ सुती घेतली, तर तेवढ्यानेंच झोल निम्म्याहूनहि खालीं येतो. शिवाय लांकडाला सावकाश थकण्याची खोड असते. आज जेवढी फळी वांकली तेवढ्यावर ती थांबत नाहीं. भार न हलवितां वर्षें गेलीं कीं झोल वाढतच जातो. भुसा दाबून केलेल्या तक्त्यांत ही खोड लांकडाहून पुष्कळच अधिक, आणि त्यांत पावसाळी हवेचा ओलावा शिरला म्हणजे कांहीं विचारूं नये.

सुताराला चौथा घात ठाऊक नव्हता. त्याला एवढेंच ठाऊक होतें कीं, तबकड्यांच्या किंवा पुस्तकांच्या फळीला दोन फुटांवर आधार पाहिजेच. गणित आणि अनुभव यांची अशी गांठ पडलेली पाहून वडिलांनीं आपलें चित्र मुकाट्यानें बाजूला सारलें.

नवी मांडणी ठरली ती अशी. सहा फूट रुंदी, तिचे उभ्या फळ्यांनीं पाडलेले दोन दोन फुटांचे तीन कप्पे. तळाची ओळ जमिनीपासून चार इंच वर, म्हणजे फरशी पुसतांना पाणी लागणार नाहीं आणि वाळवी चढूं लागली तर दृष्टीस पडेल. तळाच्या दोन कप्प्यांत लाँगप्ले. लाँगप्लेचें वेष्टन साडेबारा इंचांच्या आंतबाहेर चौरस असतें. म्हणून त्या कप्प्याची आंतील उंची व खोली तेरा-तेरा इंच. त्याच्यावरच्या दोन कप्प्यांत लाखेच्या दहा इंची तबकड्या. तेथें अकरा इंच उंची पुरते. त्याच्या वर पुस्तकें व स्वरलिपीच्या वह्या. तिसरा कप्पा तळापासून वरपर्यंत यंत्रांसाठीं. प्रत्येक फळीच्या पुढच्या कडेला दीड इंच उंचीची सागाची पट्टी उभी चिकटविली. ही पट्टी शोभेची वाटते, पण ती फळीची कंबर आहे. तिच्यामुळें वांकण्याला मोठाच प्रतिबंध होतो.

तबकड्या उभ्याच ठेवावयाच्या, हा नियम जुनाच आहे. एकावर एक रचल्या तर खालच्यांवर वरच्यांचा भार येऊन लाखेच्या तडकतात आणि विनाइलच्या वांकड्या होतात. परंतु उभ्या म्हणजे सरळ उभ्या. पुस्तकांसारख्या तिरक्या कलूं दिल्या तरी कालांतरानें त्यांना बांक येतो. म्हणून दर पांच-सहा इंचांवर पातळ आडफळी बसविली. तिची उंची तबकडीएवढीच हवी. बुटकी आडफळी तबकडीच्या मध्यावर रेटा देते. फार घट्टहि भरूं नयेत. हात घातला असतां तबकडी ओढावी न लागतां उचलतां यावी, इतकी सैल जागा ठेवावी.

लांकडाच्या निवडीवर घरांत दोन दिवस वाद झाला. सर्व काम अस्सल सागांत करावें, असें आजींचें मत. सागांत अंगचें तेल असतें, त्यामुळें वाळवी त्याच्या वाटेस सहसा जात नाहीं, आणि हवेच्या फेरफारानें तें फारसें वेडेंवांकडें होत नाहीं. परंतु आजचा सागाचा भाव ऐकून मध्यमवर्गीय गृहस्थानें कानांवर हात ठेवावे अशी स्थिति आहे. अखेर सुतारानें मध्यम मार्ग काढला. चौकट, उभ्या फळ्या व कडेच्या पट्ट्या सागाच्या. आडव्या फळ्या ओलाव्याला टिकणाऱ्या चांगल्या प्लायवूडच्या. प्लायवूड कापतांना त्याच्या पृष्ठभागावरील रेषा फळीच्या लांबीच्या दिशेनें राहतील अशी काळजी त्यानें घेतली. आडव्या रेषांची फळी त्याच जाडीची असूनहि अधिक वांकते. पुष्कळ कारागीर तक्ता वांचविण्यासाठीं येथें हातचलाखी करतात, आणि गिऱ्हाइकाला तें दोन वर्षांनीं कळतें.

साग आणल्यावर लगेच रंधा लावला नाहीं. तीन आठवडे तें त्याच खोलींत, मध्यें चिपा घालून, रचून ठेवलें. लांकूड हवेंतील ओलावा घेतें आणि सोडतें. ओलावा घेतलें कीं रुंदींत फुगतें, लांबींत मात्र त्याचें फुगणें जाणवण्याइतकें नसतें. फूटभर रुंद सागाची फळी उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत सूतभर फुगूं शकते. हें सूतभर फुगणें कोणत्याहि खिळ्यानें किंवा सरसानें रोखतां येत नाहीं. रोखावयास जावें तर फळी चिरते किंवा सांधा उचकटतो. म्हणून जेथें सागाची रुंद फळी आहे तेथें तिला हलावयास जागा ठेवली. पाठीचा तक्ता खांचेंत नुसता सरकविला, चिकटविला नाहीं. आडव्या फळ्यांसाठीं उभ्या फळ्यांत दोन सूत खोल खांचा पटाशीनें काढल्या व फळ्या त्यांत बसविल्या. आतां भार लांकडावरच आहे, खुंटीवर नाहीं. ती जुनी मांडणी कोसळली ती ह्याच एका बाबतीनें.

पाठ आणि भिंत यांच्यामध्यें दोन इंच अंतर ठेवलें. पश्चिमेकडच्या भिंती आपल्याकडे पावसाळ्यांत घामेजतात. तबकड्यांना मानवणारी हवा म्हणजे आर्द्रता शेंकडा पन्नासच्या आसपास. पुण्यामुंबईस आषाढ-श्रावणांत ती ऐंशीच्या वर जाते, आणि मग वेष्टनांवर बुरशी धरते. उघडी मांडणी, मागून खेळती हवा आणि उघडीप पडतांच उघडलेली खिडकी हे उपाय साधे आहेत, पण कांचेच्या बंद कपाटापेक्षां बरे.

कांचेचीं दारें नकोत, ह्याला दुसरेंहि कारण आहे, आणि तें खास संगीताच्या खोलीचें आहे. पांढरी एक ह्या पट्टींत गाणारा गवई खर्ज लावतो तेव्हां सेकंदाला पासष्टच्या सुमारास कंपनें होतात. डग्ग्याची घुमारहि साधारण त्याच मुलखांतली. एवढ्या सावकाश कंपनांनीं सैल कांच, पातळ तक्ता, ढिली बिजागरी खुळखुळूं लागते. बैठकींत तें ऐकूं येत नाहीं, पण मायक्रोफोनला येतें. म्हणून मांडणींत दार नाहीं, खण नाहीं, सैल कडी नाहीं. आणि पाठीचा तक्ता जेथें खांचेंत सरकतो तेथें लोकरीच्या बनातीची चिंधी.

मांडणी खोलीच्या कोणत्या भिंतीला लावावी, हा प्रश्नहि तितकाच महत्त्वाचा. रिकाम्या खोलींत टाळी वाजवून पाहावी. समोरासमोरच्या उघड्या भिंतींत आवाज चेंडूसारखा टोले खात राहतो व त्याचा झणझणाट ऐकूं येतो. अशा भिंतीवर कमीअधिक खोलीचीं पुस्तकें व तबकड्या आल्या म्हणजे तिची सपाटी मोडते आणि आवाज निरनिराळ्या दिशांना विखुरतो. म्हणून मांडणी ऐकणाऱ्याच्या पाठीमागच्या भिंतीस लाविली. मात्र तिच्याकडून भलती अपेक्षा करूं नये. खर्जाच्या षड्जाची लहर सतरा फुटांच्या पुढें जाते. तेरा इंच खोल मांडणीला ती जुमानीत नाहीं. तसेंच, तबकड्यांची भिंत केली म्हणजे शेजाऱ्यांना गाणें ऐकूं जाणार नाहीं, ही समजूतहि खोटीच. खिडकी-दाराच्या फटींतून जाणारा आवाज मांडणी कसा अडविणार?

स्पीकर मांडणींत ठेवावे, असें वडिलांच्या मनांत फार होतें. नातीनें तें मोडून काढलें. कप्प्यांत कोंबलेला स्पीकर कोठींत बसून बोलणाऱ्या माणसासारखा घुमतो. शिवाय त्याच मांडणीवर तबकडी वाजविण्याचें यंत्र असेल तर स्पीकरचें कंपन फळींतून सुईपर्यंत जातें, सुई तेंच पुन्हां स्पीकरला देते, आणि एक विचित्र हुंकार सुरू होतो. सुतारानें दोन वेगळ्या घडवंच्या केल्या. त्यांवर स्पीकर बसणाऱ्याच्या कानाच्या उंचीला आले, आणि दोन स्पीकर व ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण झाला. तबकडी-यंत्राची फळी मांडणीपासून वेगळी, सरळ भिंतीलाच पक्की केली. नाहींतर खोलींत कोणी पाय आपटला कीं सुई उडावयाची.

यंत्रांच्या कप्प्याचें मोजमाप करतांना एक गोष्ट उपयोगी पडली. धंदेवाईक ध्वनियंत्रें जगभर एकाच मापाचीं, एकोणीस इंच रुंद तोंडाचीं करतात, आणि त्यांची उंची पावणेदोन इंचांच्या पटींत असते. कप्प्याची रुंदी त्या बेतानें धरली म्हणजे उद्यां नवें यंत्र आलें तरी सुताराला पुन्हां बोलवावें लागत नाहीं. यंत्रें तापतात, म्हणून ह्या एका कप्प्याला पाठ ठेवलीच नाहीं. विजेच्या तारा डावीकडून आणि मायक्रोफोनच्या उजवीकडून वर नेल्या. जेथें त्यांना भेटणें भाग होतें तेथें एकमेकींना काटकोनांत ओलांडूं दिलें, कारण त्या शेजारी शेजारी धांवल्या तर विजेची गुणगुण गाण्यांत उतरते.

वाद्यांचें फारसें अवघड नव्हतें. तंबोऱ्यांची जोडी मिरजेची. तेथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें आहे. भोपळा म्हणजे वाळलेलें फळच, त्याला धक्का सोसत नाहीं. म्हणून मांडणीच्या बाजूला, खिडकीच्या उन्हापासून दूर, बनात लावलेलें अर्धगोल बैठकीचें घर केलें आणि वर मान टेकावयास खांच. तबल्याला पुडी दमट होऊं नये म्हणून मधल्या उंचीचा कप्पा. पेटी तळाशीं; दहा-बारा किलोची वस्तु रोज डोक्यावरून कोण काढणार? रेडिओनें १९४० सालीं ज्या पेटीला मज्जाव केला आणि पुढें तीस वर्षें दाराबाहेर ठेवलें, तिला ह्या घरीं मात्र पहिल्यापासून मानाची जागा होती, हें सांगावयास आजी विसरल्या नाहींत.

काम सतरा दिवसांत उरकलें. वरच्या कडेला दोन ठिकाणीं लोखंडी पट्ट्या लावून मांडणी भिंतीला जखडली. भरलेली मांडणी पुढें कलंडली तर अनर्थच. तबकड्या लावावयाचें काम आजींनीं स्वतःकडे घेतलें. तुकड्यांचें पाकीटहि त्यांनीं लाखेच्या तबकड्यांच्याच रांगेंत उभें ठेविलें.

दुसऱ्या दिवशीं सुतार मजुरी न्यावयास आला तेव्हां नात तंबोरा जुळवून खर्ज लावीत होती. मध्यें कोठेंतरी बारीक झणझण ऐकूं आली. “काका, मांडणी वाजते आहे,” ती म्हणाली. सुतारानें एकेक फळी, एकेक आडफळी तळहातानें दाबून पाहिली व तिला पुन्हां गावयास सांगितलें. झणझण तशीच. मग तो उठला, आणि समोरच्या भिंतीवरील आजोबांच्या तसबिरीवर त्यानें बोट टेकलें, आवाज थांबला. तसबिरीची कांच सैल झाली होती. खिशांतून बनातीचा तुकडा काढून त्यानें तो चौकटीच्या मागें सारला.